प्लायवूडची वाहतूक व दोराची काटकसर

म्हसवडकडील शेतकरी हल्ली घरातील कपाटांसाठी व स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी प्लायवूड आणू लागला आहे, व त्याकरिता बहुधा 'छोटा हत्ती' ठरवितो. तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद. गाडीचा हौदा साधारण ७ फुटांचा. सबब तक्ता मागील फाळक्यावर तिरका टेकतो, त्याखाली पोकळी राहते व वारा शिरतो. मग दोर बांधण्याऐवजी एखाद्या गड्यास वर बसविण्यात येते. ही चाल घातक असून ती बंद झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेबच पाहावा. १८ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचे वजन सुमारे ३० ते ३५ किलो. ताशी ६० किलोमीटर वेगात तो वाऱ्यास पुरता आडवा आला, तर त्यावर सुमारे ५० किलोंचा रेटा पडतो. वेग निम्मा केल्यास रेटा चौथाईवर येतो. पंढरपूर रस्त्यावर समोरून मोठा ट्रक आला म्हणजे झोत आणखी वाढतो. तक्ता उसळला तर वरचा गडी आधी रस्त्यावर पडणार.

कडब्याची गाडी नाड्याने आवळल्यावाचून कोणी हाकीत नाही. मग येथेच हयगय का? कपाटाचे तक्ते दुकानीच मापाने कापून घ्यावे. अखंड हवे असल्यास लांब हौद्याची पिकअप करावी. पुढे व मागे दोर आवळावे आणि वेग मंद ठेवावा. हौद्याबाहेर माल काढल्यास २०१९ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आहे. परंतु गड्याचा जीव त्याहून मोलाचा. दोराच्या काटकसरीपायी तो पणास लावू नये.