विश्लेषण : दोन रुपयांचे क्रिकेट कार्ड इतके लाडके का?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. रुपयांत हिशेब केला तर तेव्हाचे सुमारे १०० कोटी! ऑगस्ट २०२५ मध्ये मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांच्या सह्या असलेल्या बास्केटबॉल कार्डाने तो विक्रमही मागे टाकला. अशी बातमी मोबाइलवर आली की सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासच काय, कुठल्याही जुन्या वस्तीतल्या घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याची आठवण निघते. ‘आपल्याकडेही होती की क्रिकेटची कार्डे! त्यांचे आता काय येतील?’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा काहीच नाही’ असे आहे. आणि तरीही ती कार्डे टाकून देऊ नयेत. ही दोन वाक्ये एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तशी नाहीत. ती एकत्र कशी बसतात, ते समजून घेऊ.

खेळाडूंची कार्डे सुरू कुठे झाली?

तंबाखूच्या धंद्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतली सिगारेट चेपू नये म्हणून त्यात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो तुकडा कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नट्या, सैनिक आणि खेळाडूंची चित्रे छापली जाऊ लागली. ग्राहक संच पूर्ण करण्यासाठी पुन्हा तेच पाकीट घेऊ लागला. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचा संच काढला. पुढे रणजितसिंहजींसारखे भारतीय खेळाडूही इंग्लंडच्या सिगारेट कार्डांवर झळकले.

विड्या वळणाऱ्या हातांवर ज्या शहरातली हजारो घरे चालली, त्या सोलापूरला ही युक्ती परकी वाटू नये. विडीच्या कट्ट्यावरचे रंगीत लेबल हेही ग्राहकाच्या डोळ्यांत भरण्यासाठीच असते. फरक इतकाच, की खेळाडूचे चित्र घरी आले की ते वडिलांचे राहिले नाही, मुलांचे झाले.

आपल्याकडे ती कोणत्या वाटेने आली?

बबलगम, बिस्किटे आणि शीतपेयांच्या वाटेने. त्याआधी मुले काडेपेट्यांवरची चित्रे आणि सिगारेटची रिकामी पाकिटे गोळा करून त्यांवर डाव मांडत. १९८७ च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे आणि धावा मिळू लागल्या. धावा जमवा, बक्षीस न्या, असा तो मामला होता. १९९९ च्या विश्वचषकावेळी ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या वेष्टणांवरच्या धावांची बेरीज घराघरांत झाली. वेष्टण फाटू नये म्हणून पुडा कात्रीने उघडणारी मुले त्या काळात कमी नव्हती.

याच दरम्यान ट्रम्प कार्डांची लाट आली. कार्डावर खेळाडूचा फोटो आणि खाली सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी, झेल असे आकडे. समोरच्याने एक रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही कार्डे घ्यायची. कुस्तीच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ कार्डांत रँक, उंची, वजन, छाती आणि दंड यांवर भांडणे होत. स्टेशनकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वर्दळीच्या सात रस्त्यासारख्या चौकात, जनरल स्टोअरच्या दारात शाम्पूच्या पुड्यांशेजारी टांगलेली ही पाकिटे शाळकरी मुलांच्या हाताला सहज लागत. ज्यांना तेवढेही परवडत नसे, ते ‘एकच षटकार’ किंवा ‘स्पोर्टस्टार’मधले फोटो कापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवत. घरचे कार्ड तयार!

एक कार्ड कोटींचे, दुसरे कवडीमोल, असे का?

तीन गोष्टींमुळे : ते किती शिल्लक आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि मागणारे किती आहेत.

होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे १९०९ ते १९११ दरम्यानचे कार्ड आज जगात मोजकेच उरले आहे, कारण त्याची छपाई लवकरच थांबली. मँटलच्या १९५२ च्या मालिकेतली न विकली गेलेली कार्डे टॉप्स कंपनीने १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवली. उरलेली मुलांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवली, आयांनी रद्दीत दिली. सगळ्यांनी टाकले म्हणून ज्याने ठेवले त्याचे सोने झाले.

ही गोष्ट कळल्यावर अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस उलटा प्रकार झाला. ‘पुढे भाव येईल’ म्हणून लोकांनी खोकीच्या खोकी कार्डे घेऊन ठेवली, कंपन्यांनी बेसुमार छापली. परिणाम असा, की त्या काळातली बहुतेक कार्डे आजही कुणी विचारत नाही. तिथले संग्राहक त्या काळाला सरळ ‘कचऱ्याचा काळ’ म्हणून ओळखतात.

भारतातल्या जुन्या ट्रम्प कार्डांची अडचण आणखी वेगळी आहे. बऱ्याच संचांवर छापणाऱ्याचे धड नाव नसते, साल नसते, अनुक्रमांक नसतो. कागद हलका, रंग पुसट, कडा चुरगळलेल्या. परदेशात कार्डाची अवस्था तपासून १ ते १० गुण देणाऱ्या संस्था आहेत. तिथे दुमडलेल्या एका कोपऱ्याने भाव कोसळतो. खिशात, दप्तरात आणि मातीत खेळलेले आपले कार्ड त्या परीक्षेला बसणारच नाही.

मग स्वस्त कार्डाचा लळा कशाने लागतो?

नेमका त्या दुमडलेल्या कोपऱ्याने. बाजाराला जो दोष वाटतो, ती त्या कार्डाची कहाणी असते. ते कुणाकडून जिंकले, कुणाला तीन कार्डे देऊन एक घेतले, कोणत्या मामाने सुट्टीत आणून दिले, हे त्या कोपऱ्यात राहते.

दुसरे कारण खेळाच्या रचनेत आहे. ट्रम्प कार्डात सर्वोत्तम खेळाडू नेहमी जिंकत नाही. धावांत हरणारा गोलंदाज बळींच्या रकान्यात सचिनलाही घेऊन जातो. कुस्तीत रँकने मागे असलेला योकोझुना वजन पुकारताच समोरच्याचा पत्ता गिळतो. म्हणून प्रत्येक मुलाचे एक ‘आपले’ कार्ड असते. ते सर्वात मोठ्या खेळाडूचे असतेच असे नाही. हरत आलेला डाव ज्याने एकदा वाचवला, त्याचे असते.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. कार्डावर आकडे छापता येतात, क्षण छापता येत नाही. पुण्याच्या हृषीकेश कानिटकरचे एकदिवसीय क्रिकेटमधले आकडे पाहा : ३४ सामने, ३३९ धावा. ट्रम्प कार्डाच्या डावात हा पत्ता आला की मूल तोंड वाकडे करणार. पण १८ जानेवारी १९९८ ला ढाक्यात पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना सकलेन मुश्ताकला मारलेला चौकार ज्याने पाहिला, त्याच्यासाठी त्या ३३९ मधल्या चारच धावा पुरेशा आहेत.

भाऊसाहेब निंबाळकरांचे उदाहरण याहून टोकाचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या. पण कसोटीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे शून्य, कारण त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. कसोटीच्या आकड्यांवर चालणाऱ्या डावात हे कार्ड प्रत्येक वेळी हरेल. जपायला मात्र याहून चांगले कार्ड शोधून सापडणार नाही.

डिजिटल कार्डांचे काय झाले?

२०२१-२२ मध्ये क्रिकेटचे क्षण आणि खेळाडू ‘एनएफटी’ म्हणजे डिजिटल मालकीच्या रूपात विकायची लाट आली. आयसीसीने ‘फॅनक्रेझ’शी करार केला. ‘रॅरिओ’ या कंपनीत २०२२ मध्ये १२ कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. पुढे जगभरच एनएफटीचे भाव कोसळले आणि हौशी खरेदीदारांचा उत्साह ओसरला.

यातला एक वाद न्यायालयात गेला. खेळाडूंची नावे, चित्रे आणि आकडेवारी वापरून दुसरी कंपनी कार्डे विकते, ही रॅरिओची तक्रार होती. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूंची नावे आणि सार्वजनिक आकडेवारी ही कुणा एकाची मक्तेदारी नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.

कायद्यापलीकडे एक साधी गोष्ट उरते. डिजिटल कार्ड विकले तेच मुळी ‘भाव चढेल’ या आशेवर. भाव उतरल्यावर त्यात जपण्यासारखे काही उरले नाही. त्याचा कोपरा दुमडत नाही, त्यावर चहाचा डाग पडत नाही, ते मित्राशी बदलून भांडता येत नाही.

मुलांच्या खाऊच्या पैशांचा प्रश्न कुठे येतो?

बंद पाकिटात. आत कोणते कार्ड आहे हे न दाखवता, ‘दुर्मीळ कार्ड मिळू शकते’ असे सांगत पाकीट विकणे ही जुनीच युक्ती आहे. दोन रुपयांच्या पाकिटात ती निरुपद्रवी होती, कारण नको असलेले कार्डही खेळात चालत होते. कार्ड खेळण्यासाठी नसून ‘चमकते, सोनेरी, मर्यादित’ म्हणून विकले जाते, तेव्हा नको असलेले कार्ड कचरा ठरते आणि मूल पुढचे पाकीट मागते. मोबाइल गेममधली ‘लूट बॉक्स’ हीच कल्पना वापरतात. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे मोजून घ्यायच्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवले.

पालकांसाठी यातून एक सोपी कसोटी निघते. मूल नव्या कार्डांशी खेळते का, की फक्त पाकिटे फोडते? खेळत असेल तर पैसे वसूल झाले. फक्त फोडत असेल, तर थांबवायला हवे. मोठ्यांनी महागडी कार्डे हौसेने घ्यावीत, त्यात गैर काही नाही. मात्र ती हौस आहे, मुलाच्या शिक्षणाची तरतूद नाही, हे ध्यानात असावे.

घरातली जुनी कार्डे कशी ठेवावीत?

रबरबँड आधी काढून टाकावे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्या उष्णतेत रबर वितळून कार्डाला चिकटते. पत्र्याखालचा माळा ही सर्वात वाईट जागा. कोरड्या, सावलीच्या कपाटात कागदी पाकिटात कार्डे ठेवावीत. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, डाग पुसायला पाणी वापरू नये. कार्डावर काही लिहू नये. मात्र सोबत एक चिठ्ठी जरूर ठेवावी : कार्ड कुणाचे होते, कधी मिळाले, कुणाकडून जिंकले. तीस वर्षांनी कार्डापेक्षा ती चिठ्ठी आधी वाचली जाईल.

सोलापूरचा स्वतःचा संच का नसावा?

बाजारातले कार्ड ताऱ्यांचेच निघते, कारण तेच खपते. सोलापूरकडे मात्र सांगण्यासारखे पत्ते आहेत. १९२६ मध्ये सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय : १९५५, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध २२३. निवृत्त झाले तेव्हा ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके हे तिन्ही आकडे भारतासाठी सर्वाधिक होते. ट्रम्प कार्डात हा पत्ता चांगलाच चालेल.

सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या. २०२३ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये बॅटला प्रायोजक नव्हता, म्हणून तिने बॅटवर धोनीसाठी ‘एमएसडी ०७’ लिहिले आणि अर्धशतक ठोकले. अर्शिन कुलकर्णी सोलापुरातून १९ वर्षांखालील विश्वचषक आणि आयपीएलपर्यंत पोहोचला. शिवाय पत्ते क्रिकेटचेच हवेत असे कुठे आहे? खो-खोच्या कार्डावर ‘टिपलेले गडी’ आणि ‘संरक्षणाची मिनिटे’ असे रकाने मुले स्वतःच सुचवतील.

यासाठी कंपनीची वाट पाहायला नको. फोटोंच्या हक्काची भानगड टाळून चित्रकलेच्या तासाला मुलांनीच खेळाडूंची चित्रे काढावीत, आकडे शोधावेत, पुठ्ठ्यावर चिकटवावेत. असा संच कोणत्याही लिलावात जाणार नाही. पण उम्रीगर कोण, हे सोलापूरच्या मुलाला परीक्षेसाठी पाठ करावे लागणार नाही. मधल्या सुट्टीत तो पत्ता हरल्यावर ते आपोआप लक्षात राहील.