मत माणसाला, कौल प्रश्नाला

'प्रतिनिधी' या शब्दाची व्याख्या राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही वहीत उतरवून घेतली, ती पाठही झाली. पण ऑस्ट्रेलियातील दोन सार्वमतांचे मतदारसंघवार आकडे वाचले आणि ती मला अपुरी वाटू लागली.

६ नोव्हेंबर १९९९ रोजी तेथील जनतेला विचारले गेले, ब्रिटनच्या राणीऐवजी आपला राष्ट्राध्यक्ष हवा काय? पंतप्रधान जॉन हॉवर्ड राणीच्या बाजूचे. देशाने ५४.८७ टक्के मतांनी 'नाही' म्हटले. हॉवर्ड जिंकले. पण सिडनीतील त्यांच्याच बेनेलाँग मतदारसंघाने बहुमताने 'होय' म्हटले होते! १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नेमके उलटे घडले. आदिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान द्यावे यासाठी पंतप्रधान अँथनी अल्बनीज यांनी प्रतिष्ठा पणाला लावली. सुमारे साठ टक्के मतदारांनी आणि साही राज्यांनी नकार दिला. त्यांच्या ग्रेंडलर मतदारसंघात मात्र चारांपैकी तिघे 'होय' म्हणाले.

गंमत पुढेच आहे. हॉवर्डना खोटे पाडणाऱ्या बेनेलाँगने २००१ मध्ये आणि २००४ मध्ये पुन्हा त्यांनाच निवडून दिले. अल्बनीज यांचा प्रस्ताव झिडकारणाऱ्या देशाने २०२५ मध्ये त्यांच्या पक्षाला मोठे बहुमत दिले. आपल्या शेजारच्या गोव्यातही हेच घडले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. आणि विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकर त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झाले.

कोणी म्हणेल, मतदार चंचल असतो. मला हे मुळीच पटत नाही. माझे वडील तिसरी शिकलेले. कित्येक वर्षे ते एकाच पुढाऱ्याला मत देतात, आणि पाटपाण्याच्या प्रश्नावर त्याच्या तोंडावर त्याला चूक ठरवतात. त्यांना यात विसंगती दिसत नाही. मग निवडून आलेला पुढारी 'जनतेने माझ्या प्रत्येक धोरणाला कौल दिला आहे' असे कोणत्या आधारावर म्हणतो?

तर मग प्रत्येक प्रश्नावर सार्वमतच घ्यावे काय? येथे मी अडखळतो. २०२३ चा प्रश्न ज्यांच्याविषयी होता, ते आदिवासी लोकसंख्येत शंभरात चारही नाहीत. उत्तर दिले उरलेल्या शहाण्णवांनी. नियमाने सारे बरोबर झाले, तरी मन मानत नाही. अशा वेळी पंतप्रधानाने कोणाचे ऐकावे, देशाचे, आपल्या मतदारसंघाचे, की ज्यांचा प्रश्न आहे त्यांचे? अल्बनीज यांनी निकाल मान्य केला. दुसरे ते काय करू शकत होते, हे मलाही सांगता येत नाही.

परीक्षेत मात्र मी पुस्तकातलीच व्याख्या लिहीन. गुण तिलाच मिळतात!