खिडकी कोणाची?

उमऱ्याच्या तिकिटांची वाटणी चालू होती. मी आयोजकांना एवढंच विचारलं, "अम्मीला खिडकीची सीट मिळेल का?" उत्तर आलं, "सर, इबादत को जा रहे, पिकनिक को नहीं." भोवतीचे चार जण हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

अम्मीची चाळीस वर्षं भोसरीत गेली. लोहगावच्या दिशेनं जाणारी विमानं तिनं गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिली. विमानात ती पहिल्यांदाच बसली, तीही मधल्या सीटवर. खिडकीशी बसलेले गृहस्थ अनेकदा जाऊन आलेले. विमान वर गेल्यावर त्यांनी झडप खाली ओढली आणि जेद्दा येईपर्यंत झोपले.

बाहेर बघणं म्हणजे चैन आणि डोळे मिटून तस्बीह फिरवणं म्हणजे इबादत, हे कोणी ठरवलं? जुम्याच्या नमाजेत इमामसाहेब पुष्कळदा सूरह गाशिया पढतात. उंट कसा घडवला, आकाश कसं उंचावलं, डोंगर कसे रोवले, जमीन कशी पसरली, याकडे बघत का नाही, असं त्यात माणसाला विचारलं आहे. आपण ते ऐकतो आणि घरी येतो. यातल्या तीन गोष्टी एका खिडकीत मावतात, तेव्हा मात्र झडप ओढून घेतो!

मुंबईहून जेद्दा साधारण साडेतीन हजार किलोमीटर. आधी अरबी समुद्र, मग ओमानचा किनारा, त्यानंतर तासन्‌तास वाळवंट, आणि शेवटी ताइफच्या बाजूचे सरवात पर्वत. ते उजाड रान ज्यानं वरून पाहिलं, त्याला सफा-मरवामधली सई वेगळी कळते. बीबी हाजरा तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत सात वेळा का धावल्या, हे आता गार, फरशी घातलेल्या मार्गावर चालताना समजणं अवघड आहे.

मीकातचंही तेच. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजं जात. कित्येक दिवस समुद्र बघत माणसं यलमलमच्या टप्प्याची वाट बघायची. प्रवास अंगात मुरायचा. आता विमानात घोषणा होते, आपण नियत करतो, आणि खाली कोणती जमीन आहे हे बघतही नाही. मीकात ही निव्वळ घोषणा नाही, ती या पृथ्वीवरची जागा आहे.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांना वाटेकडची सीटच बरी. गुडघे दुखतात, वुजूला उठावं लागतं. मान्य. पण हे त्यांना विचारून ठरवा, त्यांच्या वतीनं नको. सीट अर्ध्या प्रवासात बदलताही येते. कोणी म्हणेल, खिडकीचे वेगळे पैसे पडतात. परतताना खजूर, अत्तर आणि जानमाजांनी बॅगा फुगतात, तेव्हा हा हिशेब कुठे जातो?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. दिवसाचं विमान निवडा. पंखावरची रांग टाळा, पुढची किंवा अगदी मागची घ्या. जाताना विमान पश्चिमेला जातं, म्हणून डावी बाजू दक्षिणेची. हिवाळ्यात ऊन तिकडून डोळ्यांवर येतं, तेव्हा उजवी बरी. आणि आयोजकांनो, जो पहिल्यांदा चाललाय त्याला आधी विचारा, त्यातही आयांना. सहाव्यांदा जाणाऱ्याला झोपायला कुठलीही सीट चालते.

जेद्दा जवळ आल्यावर झडपा उघडायला सांगितलं. अम्मी त्या गृहस्थांच्या खांद्याआडून वाकून बघू लागली. "क्या दिखा, अम्मी?" मी विचारलं. म्हणाली, "उनका कंधा."

हे मी आयोजकांना सांगितलं नाही. आज सांगतोय.