मेथीची चुलत बहीण

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत सकाळी साडेनऊला एक सीन हमखास दिसतो. कॉफी मशीनपुढे रांग आणि शेजारच्या ओट्यावर पाच-सहा बाटल्या. एकीत मेथीचं पाणी, दुसरीत दालचिनीचं, तिसरीत हळद-मिरी घातलेलं काहीतरी पिवळंधमक! वार्षिक चेक-अपचे रिपोर्ट्स आले की या बाटल्या दुप्पट होतात. मागच्या वर्षी त्यात एक माझीही होती. उपाशीपोटीची शुगर १०८. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही, पण त्याच्या दारात उभ्या आहात." वय वर्षं ३१! आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार या दारात देशातली १३.६ कोटी माणसं उभी आहेत, म्हणजे कंपनी भरपूर. पण त्यानं टेन्शन थोडंच कमी होतं?

मग काय, रोज रात्री दोन चमचे मेथीदाणे भिजवायचे आणि सकाळी ते पाणी नाक दाबून प्यायचं. तीन महिन्यांनी आकडा ९६! माझ्यातली प्रचारक खडबडून जागी झाली. त्याच तीन महिन्यांत मी लिफ्ट सोडली होती आणि रात्री अकराची बिर्याणीही, हे मात्र सोयीस्करपणे विसरले.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच घरचं. माझे बाबा सांगलीला असतात. बारा वर्षांपासून डायबेटिस, दोन वेळा गोळी. त्यांना मी ऑनलाइन मेथी-दालचिनीच्या कॅप्सूल्सचे तीन डबे धाडले. वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक'. फोनवर माझं स्वतःचं ९६चं कौतुक वेगळंच.

दिवाळीला घरी गेले तर बाबा दारातच बारीक दिसले. आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "रात्री चार-चारदा उठतात गं." मी मशीन काढून बोट टोचलं. ३१२! मी आकड्याकडे बघतेय आणि बाबा शांतपणे सांगतायत की दोन महिने झाले, गोळ्या बंद केल्या. "अगं, तूच म्हणालीस ना, मेथीनं उतरली म्हणून? मग ते केमिकल कशाला पोटात घालायचं?"

काय उत्तर देणार? फराळाचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, किडनी आणि डोळे तपासून घेतले. थोडक्यात निभावलं. त्यांनी मेथीला नावं ठेवली नाहीत, उलट म्हणाले, "खाऊ दे की! पण किती खातात आणि त्यानं किती उतरते, ते मोजा." पुण्याला आल्यावर मी पहिल्यांदाच डब्यावरच्या जाहिरातीपलीकडचं काहीतरी वाचायला बसले.

मेथीत दम आहे, हे खरंच. दाणे भिजले की जो बुळबुळीतपणा येतो, तो गॅलॅक्टोमॅनन नावाचा तंतू. पोटात त्याची जेली होते आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९९० मध्ये टाइप १ डायबेटिसच्या पेशंट्सना दहा दिवस मेथीची पूड दिली, तेव्हा लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. सॉलिड ना? आता प्रमाण ऐका: तेल काढलेली पूड, दिवसाला १०० ग्रॅम! माझे दोन चमचे दहा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. आणि मी तर पाणी प्यायचे आणि दाणे टाकून द्यायचे. म्हणजे बराचसा तंतू रोज कचऱ्याच्या डब्याला!

दालचिनीचा बोलबाला झाला तो २००३च्या एका पाकिस्तानी प्रयोगानंतर. ६० पेशंट, रोज १ ते ६ ग्रॅम दालचिनी, ४० दिवसांत उपाशीपोटीची शुगर १८ ते २९ टक्के खाली. पुढे २०१२ मध्ये कॉक्रेननं असे दहा प्रयोग, ५७७ पेशंट, एकत्र तपासले, तेव्हा दालचिनी शुगरवर चालते असं म्हणायला पुरेसा पुरावा काही सापडला नाही. शिवाय बाजारात जाड, टणक सालीची जी स्वस्त दालचिनी मिळते ती बहुतेकदा कॅसिया. तिच्यात कुमारिन असतं आणि ते जास्त झालं की लिव्हरला त्रास. सिलोनची दालचिनी पातळ, पापुद्र्यांची, चुरगळणारी. मसालेभातात कुठलीही चालेल, पण रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी हा फरक बघायलाच हवा.

राहिली हळद, म्हणजे आम्हा सांगलीकरांचा जिव्हाळ्याचा विषय. थायलंडमध्ये २०१२ साली दारात उभ्या असलेल्या २४० जणांवर नऊ महिने प्रयोग झाला. नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्क्यांना डायबेटिस झाला, हळदीचा अर्क घेणाऱ्यांत एकालाही नाही! पण तो अर्क होता रोज दीड ग्रॅम. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. हिशेब केला तर रोज ५० ग्रॅम हळद. सांगलीकरालाही झेपायचं नाही!

आणि मग सापडली खरी गोष्ट. बाबा ज्या गोळीला 'केमिकल' म्हणत होते, ती मेटफॉर्मिन. तिची कुळकथा सुरू होते युरोपातल्या एका जांभळ्या फुलांच्या झुडपापासून. नाव गॅलेगा. जुन्या काळी तिकडे औषध म्हणून वापरायचे. त्यातलं गॅलेजिन शुगर उतरवायचं, पण विषारी. मेंढ्यांनी हे झुडूप खाल्लं तर त्या मरतात. केमिस्ट लोकांनी त्याच घराण्यातला जरा सभ्य रेणू लॅबमध्ये घडवला. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी तो पेशंट्सवर वापरून दाखवला, तर अमेरिकेनं परवानगी दिली थेट १९९४ मध्ये. आणि गंमत म्हणजे गॅलेगा आणि मेथी एकाच कुळातल्या, शेंगांच्या!

मी लगेच सांगलीला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ही मेथीची चुलत बहीण म्हण की."

"हो बाबा, पण शाळा शिकलेली. किती घ्यायची, कुणाला चालत नाही, सगळं लिहून ठेवलंय तिचं."

"बरं, मग घेऊ घरात," बाबा म्हणाले. पलीकडून आईचं हसू ऐकू आलं.

आता बाबांची गोळी वेळेवर असते आणि थालीपिठात मेथीची पूडही. तीही डॉक्टरांना सांगून, कारण गोळी आणि मेथी मिळून शुगर नको तितकी खालीही नेऊ शकतात. उरलेल्या कॅप्सूल्स मी स्वतःच्या हातानं फेकल्या. पॅन्ट्रीतली माझी बाटली अजून आहे, फक्त आता दाणेही चावून खाते. कडू लागतात, लागू देत! आणि कुणी विचारलं, "तुझी शुगर कशानं उतरली गं?" तर आधी जिन्याचं नाव घेते, मग बिर्याणीचं. मेथीचा नंबर तिसरा.