सव्वा महिना वाचवू या

"बाळ आता घरी न्या," असं डॉक्टर सांगतात, तेव्हा त्या बाळाचं वजन पुष्कळदा दोन किलोसुद्धा भरलेलं नसतं. कालपर्यंत त्याला ऊब द्यायला वॉर्मर होता, श्वासावर यंत्राचं लक्ष होतं, दर दोन तासांनी दूध पाजायला सिस्टर होत्या. आज त्याच्यापाशी एक कुंची, एक दुपटं आणि अजून धड बसताही न येणारी आई. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून निघालेली गाडी पेठच्या वाटेवर सावळघाटात शिरते आणि आजीच्या मनात एकच गोष्ट घोळत राहते: घरी हे सगळं करायचं कोणी?

याचं उत्तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. सव्वा महिना. ओल्या बाळंतिणीने पाण्याला जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, जड उचलायचं नाही. शेजारणीकडून अळिवाचे लाडू येत, बाळाला न्हाऊ घालायला एखादी जाणती बाई रोज दारात हजर होई, थोरल्या पोरांना जाऊ सांभाळे. त्यात चुकीचंही पुष्कळ होतं, ते लपवायचं कारण नाही. चीक पिळून टाकत, मध चाटवत, बंद खोलीत धुरी देत, आणि बाळ गेलं की पाचवीला सटवाईने एवढंच लिहिलं होतं म्हणून डोळे पुसत. ते सगळं खुशाल जावं. पण बाळंतिणीच्या वाटची कामं चारजणींनी वाटून घ्यायची, ही त्यातली मूळ रीत जाता कामा नये. ती डोळ्यांदेखत चालली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. बागेच्या कडेच्या झोपडीत ना सासू असते, ना माहेर जवळ. सिडको-सातपूरच्या एका खोलीतही तीच गत. नवरा अंबडच्या कंपनीत पाळीवर आणि शेजारचं दार बंद.

ऑगस्ट 2017 मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात एका महिन्यात 55 बाळं दगावली, तेव्हा साऱ्या देशाने नाशिकचं नाव ऐकलं. एकेका इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती. खाटा हव्यात, यंत्रं हवीत, डॉक्टर हवेत, याबद्दल दुमत नाही. पण त्या वेळी पुढे आलेली कारणंही विसरू नयेत: अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची आणि फार उशिरा आणलेली बाळं. हा उशीर कितीदा तरी घरातच सुरू होतो. बाळ बिघडतंय हे वेळेत ओळखणारं माणूस तिथे नसतं.

असं माणूस गावातच घडवता येतं, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत त्याच गावच्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं, हे त्या घरोघरी जाऊन करत. तिथला नवजात मृत्युदर हजारी सुमारे 62 होता, तो तिसऱ्या वर्षी पंचविशीच्या घरात आला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. त्यावरूनच 2011 मध्ये देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. म्हणजे सव्वा महिन्यापेक्षा चार-पाच दिवस जास्तच! आजीची रीत आणि सरकारी तक्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि मला हीच सगळ्यात मोठी आशा वाटते.

अशा बाळाला लागतं तरी काय? आधी ऊब. निफाडचा पारा थंडीत किती खाली उतरतो हे आपण दरवर्षी वाचतो. दीड किलोच्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो; अशा रात्री गोधड्या कितीही घाला, पुरत नाहीत. ऊब माणसाच्या अंगाची हवी. लंगोट, टोपी, मोजे घालून उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर बांधायचं, वरून पांघरूण. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970च्या दशकाअखेरीस इन्क्युबेटर पुरेनात म्हणून ही कांगारू पद्धत सुरू झाली. पुढे हरियाणात आठ हजारांवर कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला; घरीच असं छातीशी धरलेल्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. हे तासन्‌तास करावं लागतं. मग आईने झोपायचं कधी? म्हणून बापाने छाती द्यायची, आजीने द्यायची, मावशीने द्यायची. बाप बाळ बांधून ओट्यावर बसला तर त्याला हसू नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा.

मग दूध. ओढायची ताकद नसेल तर आईचंच दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, रात्रीसुद्धा उठून. बाटली नको, गुटी नको. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, आकडी आली, की सकाळची वाट पाहायची नाही. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं आणि उपचार मोफत आहेत. आणखी एक गोष्ट घरोघरी पोचायलाच हवी: फार लवकर जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. पडद्याचा दोष तेव्हा सापडला तर लेसरने नजर वाचवता येते. उशीर झाला तर कायमचा अंधार.

हे सगळं सांगायला दारात येते ती आशाताई. गृहभेटींची योजना आली तेव्हा एका बाळाच्या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला 250 रुपये. आपल्या राज्यातल्या आशांना मानधनवाढीसाठी 2023-24 मध्ये संप करावा लागला, आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा कुठे वाढ मिळाली. बाळाचा जीव जिच्या हाती देतो, तिचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून आपणही बोललं पाहिजे.

सुरगाणा, पेठ, कळवणच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे. पेसा कायद्याखालच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, तो आरोग्यावर खर्च करता येतो. त्यातून वजनकाटा घ्या, रात्रीच्या गाडीची सोय ठरवून ठेवा. द्राक्ष बागायतदारांनो, बागेवर बाळंतीण असेल तर तिला सव्वा महिना कामाला लावू नका आणि तिची मजुरीही कापू नका. आशाताईला त्या बाळंतिणीच्या झोपडीची वाट दाखवा. शहरातल्या मंडळांनी, भिशीच्या बायकांनी डब्यांच्या पाळ्या लावाव्यात.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनी. तुमच्या गल्लीत, चाळीत, पाड्यावर असं एखादं बाळ दवाखान्यातून घरी आलं असेल, तर आज संध्याकाळीच जा. बाळाला हातात घ्यायला मागू नका. दोन हंडे पाणी भरून द्या, भाकऱ्या टाकून द्या, थोरल्या पोराला रात्री आपल्या घरी झोपायला न्या. उद्या पुन्हा जा.