नाचणारी अक्षरे आणि तुटणाऱ्या मात्रा

गाण्याच्या ठेक्यावर शब्द पडद्यावर उसळावेत, फिरावेत आणि विरून जावेत, अशा ‘लिरिकल’ चित्रफितींना आता तोटा राहिलेला नाही. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला ती करमणूक आहे. खैरलांजीत ती तेवढीच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आमच्या घरांत मराठी आणि पोवारी बोलली जाते, मुलांच्या पाटीवर मात्र हिंदी असते. तुमसर-तिरोड्याचे मूल जे मराठी अक्षर पाठ्यपुस्तकात गिरवते, ते आमच्याकडील कितीतरी मुलांना प्रथम भेटते ते मोबाइलवरील गाण्यात.

गाण्यातून वाचन पक्के होते, ही आमची कविकल्पना नव्हे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली गाण्याखाली त्याच भाषेतील शब्द दाखविण्याची कल्पना मांडली. पुढे ती दूरदर्शनच्या ‘चित्रहार’पर्यंत पोहोचली. शब्द गायला जाताना त्याचा रंग बदलतो आणि डोळा आपसूक त्यामागे धावतो. अशा साधनातून चुकीचे अक्षरही तितकेच खोल रुजते.

आणि चुका किती! चलत्-अक्षरांची ही कला वाढली ती रोमन लिपीच्या अंगणात. तेथे प्रत्येक वर्ण सुटा असतो, त्याला एकटे नाचवता येते. तीच कृती देवनागरीवर लादली की ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाला सोडून भलतीकडे भरकटते, ‘क्ष’चे दोन तुकडे होतात, शिरोरेषा तुटते. संगणकाच्या युनिकोड प्रमाणाने देवनागरी जोडाक्षर अखंड एकक मानण्याचा नियम केला, तोही २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. पण यंत्राला दोष देऊन कलाकार सुटत नाही. स्वररचनेच्या खुणेला आपण मात्रा म्हणतो, आणि तालातील कालमापनालाही मात्राच म्हणतो. लघु-गुरू मोजताना आपण अक्षर मोजतो, सुटा वर्ण नव्हे. ठेक्यावर अक्षर अखंड उचलावे, हे येथे संगीतच सांगत आहे.

दुसरी चूक वळणाची. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने तीच प्रमाण ठरविली. मराठी गाण्यांत मात्र सर्रास दंडयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ झळकतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकात दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी ठरविली आणि आज्ञावलीने ती मानली, की योग्य वळण उमटते. तेवढे कष्टही कोणी घेत नाही. ‘आचाऱ्यांना’ लिहायचे तेथे ‘आचार्यांना’ लिहिले जाते आणि स्वयंपाकघरातला माणूस गुरुकुलात जाऊन बसतो! ‘ळ’ दुसऱ्याच टंकातून उसना आणलेला, म्हणून ओळीत पाहुण्यासारखा उभा.

“देवनागरी एकच, एवढा बाऊ कशाला?” हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो बहुधा आमच्याच सुशिक्षितांच्या तोंडून. संविधानाच्या अनुच्छेद २९(१) मध्ये भाषा, लिपी आणि संस्कृती ही तीन पदे वेगवेगळी आली आहेत. स्वतःची वेगळी लिपी जतन करण्याचा हक्क तेथे स्वतंत्रपणे मान्य आहे. हा अनुच्छेद कोणा ध्वनिफीत कंपनीला ‘ल’ बदलावयास लावणार नाही, हे वकील या नात्याने आम्ही जाणतो. पण जतनाचा हक्क ज्यांना आहे, त्यांनीच ‘चालतंय’ म्हटले, तर त्या हक्काची बाजू मांडणार कोण?

कलास्वातंत्र्याला आमची हरकत नाही. अक्षर तिरके करा, पेटवा, पावसात भिजवा. जावजी दादाजींनी १८६९ साली स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्यातील जुळारी शिशाचे खिळे हाताने जुळवून अक्षर अखंड राखत होते. आजच्या कलाकाराच्या हाती तर संगणक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा अभिनंदनाच्या चित्रफितीही निघाल्याच. त्यांतील ‘ल’ एकदा थांबवून पाहावेत.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांनी असे गाणे दिसताच त्याचे नाव, मिनिट-सेकंद आणि मोडलेले अक्षर आम्हांस कळवावे. निर्मात्यांना पत्रे आम्ही पाठवू, आणि ती मराठीतच असतील.