तेलाची निर्यात : परवाना आणि प्रयोजन

आपल्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशांतून विकत घेणारा देश पेट्रोल आणि डिझेल परदेशांना विकतो, हे ऐकून सामान्य माणसास प्रथम विस्मय वाटतो आणि मागाहून संताप येतो. विस्मय स्वाभाविक आहे. परंतु संतापापूर्वी या व्यवहारामागील कायद्याची रचना समजून घेतली पाहिजे. दोष निर्यातीत नाही, तिला लावलेल्या नियमांच्या अपुरेपणात आहे.

कच्च्या तेलाच्या बाबतीत कायदा पुरेसा कठोर आहे. सागरतळाशी असलेली खनिज संपत्ती राज्यघटनेच्या 297व्या अनुच्छेदाने केंद्राच्या स्वाधीन केली असून तेलक्षेत्रांचे नियमन हाही केंद्राचाच विषय आहे. 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याची जागा घेणाऱ्या 1992 च्या विदेश व्यापार कायद्याखालील निर्यात धोरणाने कच्चे तेल बाहेर पाठविण्याचे द्वार केवळ इंडियन ऑइल कॉर्पोरेशनसाठी राखले. राजस्थानातील बाडमेर येथे तेल काढणाऱ्या केर्न कंपनीने आपले तेल निर्यात करण्याची मुभा मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये ती मागणी फेटाळली. देश स्वयंपूर्ण होईपर्यंत तेल देशातच विकण्याचे बंधन सरकारशी झालेल्या करारातच होते.

हे बंधन म्हणजे आंधळे सोवळे नव्हे. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातील काही तेल परदेशी विकावे लागले. कारण ते सर्व शुद्ध करण्यास देशातील तेलशुद्धीकरण कारखाने त्या वेळी समर्थ नव्हते. गरज आणि क्षमता यांचा हिशेब करून दार उघडणे वा लावणे, हेच परवानापद्धतीचे खरे प्रयोजन होय.

पेट्रोल आणि डिझेल या तयार मालाची गोष्ट मात्र निराळी आहे. निर्यातदारास विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. 1962 च्या कायद्यानुसार सीमाशुल्क कार्यालयात शिपिंग बिल सादर करावे लागते. साठवण आणि वाहतूक यांसाठी 1934 चा पेट्रोलियम कायदा आणि 2002 चे नियम पाळावे लागतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. या तीन दारांवर तीन प्रश्न विचारले जातात : माल कोण पाठवितो, शुल्क भरले काय, आणि आगीपासून बंदोबस्त आहे काय? तिन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु देशात पुरेसे उरेल काय, हा चौथा प्रश्न विचारणारा पहारेकरी तेथे कायमचा बसविलेला नाही. संकट दाराशी आले म्हणजे त्यास घाईघाईने पाचारण केले जाते.

2022 च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले. युक्रेन युद्धामुळे जागतिक भाव भडकले. देशातील किरकोळ दर मात्र थोपवून धरले गेले. खासगी पंपांनी विक्री आखडती घेतली आणि सारा भार सरकारी कंपन्यांच्या पंपांवर पडला. अखेर 17 जून रोजी सर्व पंपांवर अखंड सेवेचे बंधन विस्तारण्यात आले. 1 जुलैपासून निर्यातीच्या पेट्रोलवर व विमानाच्या इंधनावर लिटरमागे 6 रुपये, तर डिझेलवर 13 रुपये कर बसला. शिवाय निर्यात केलेल्या पेट्रोलच्या निम्म्याइतके आणि डिझेलच्या 30 टक्क्यांइतके इंधन त्याच आर्थिक वर्षात देशात विकण्याची अट घालण्यात आली. मात्र तीन आठवडे होण्यापूर्वीच, 20 जुलैला, पेट्रोलवरील कर शून्यावर आला आणि विशेष आर्थिक क्षेत्रांतील निर्यात कराच्या कक्षेतून वगळण्यात आली. पुढे दर पंधरवड्यास दर बदलत राहिले आणि डिसेंबर 2024 मध्ये हा कर रद्द झाला. सरकारने हात हलविले नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु पंधरा दिवसांची मुदत असलेल्या नियमास धोरण म्हणणे कठीण आहे.

निर्यातीच्या बाजूनेही युक्तिवाद आहे आणि तो उपेक्षणीय नाही. बाहेरून कच्चे तेल आणून, ते शुद्ध करून विकणे हा कसबाचा व्यापार आहे. त्यातून परकीय चलन मिळते, रोजगार मिळतो आणि आयातीचे ओझे काहीसे हलके होते. सरसकट बंदी हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. किंबहुना उद्योजकासही अकस्मात निघणाऱ्या अधिसूचनेपेक्षा आधीच ठाऊक असलेला नियम परवडतो.

या प्रश्नाशी मराठवाड्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. छत्रपती संभाजीनगरास बंदर नाही आणि तेलविहीरही नाही. येथील पंपांची भिस्त मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणाऱ्या टँकरांवर आहे. जानेवारी 2024 मध्ये टँकरचालकांनी संप पुकारताच येथील पंपांवर रांगा लागल्या. तो संप निर्यातीमुळे झाला नव्हता. परंतु पुरवठ्याचा धागा किती बारीक आहे, हे त्याने दाखवून दिले. आणि जून महिना म्हणजे खरिपाच्या पेरणीचा काळ. त्या वेळी डिझेल न मिळालेल्या ट्रॅक्टरला पुढे कितीही उदार अधिसूचना निघाली तरी तिचा उपयोग नाही.

म्हणून कायदेशीर अधिकार वाढविण्याची गरज नाही. ते विदेश व्यापार कायद्यात आणि 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात आहेतच. उणीव आहे ती निकषांची. देशातील साठा किती दिवसांच्या गरजेखाली गेला म्हणजे निर्यातीचा किती भाग रोखावयाचा, विशेष आर्थिक क्षेत्रांस सूट द्यावयाची की नाही, आणि बंधन केव्हा उठवावयाचे, हे शांततेच्या काळातच लिहून संसदेसमोर ठेवले पाहिजे. रिलायन्स बंधूंच्या वायूवादात 7 मे 2010 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक संपत्ती जनतेची असून सरकार तिचे विश्वस्त आहे, हे सूत्र मांडले. परदेशी तेलापासून तयार झालेल्या इंधनास ते सूत्र जसेच्या तसे लागू होणार नाही. पण विश्वस्ताची दक्षता तेथेही हवी. घरात धान्य किती आहे हे पाहून मगच बाजारात पोते काढावे, एवढे व्यवहारज्ञान येथील प्रत्येक शेतकऱ्यापाशी आहे. शासनानेही तेवढा हिशेब नियमांत लिहून ठेवावा.